पैसे देऊन रांग चुकवायची का? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलनीच्या सहलीची तिकिटं गेली काही वर्षं मीच काढतो. त्यामुळे एप्रिल लागला की ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळे मला तेच प्रश्न पाठवत राहतात: मनोरंजन पार्कात रांग चुकवणारं महागडं तिकीट घेऊ का, म्हणजे इमॅजिकाचं एक्स्प्रेस घेऊ का, वंडरलाचं फास्टट्रॅक घेऊ का, सिंगापूरला जाऊन राहिलो तर तिथलं काय? वेगवेगळं उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून सगळं एका जागी लिहिलं. दर सारखे बदलतात, तेव्हा रुपयांचे आकडे शक्यतो टाळले आहेत.

१. हे एक्स्प्रेस, फास्टट्रॅक म्हणजे नेमकं काय? आत वेगळ्या राइड असतात का?

नाही. पार्क तोच, राइड त्याच, खुर्च्याही त्याच. जास्तीच्या पैशांत राइडपर्यंत जाणारा दुसरा, आखूड रस्ता मिळतो. दोन्ही रस्ते वर फलाटाच्या अलीकडे एकत्र येतात आणि तिथला कर्मचारी इकडचे काही, तिकडचे काही असे लोक सोडतो. हैदराबादच्या वंडरलात त्याला फास्टट्रॅक म्हणतात, खोपोलीच्या इमॅजिकात एक्स्प्रेस, डिस्नेत लाइटनिंग लेन. लॉकरची, जेवणाची, कपडे बदलायच्या खोलीची रांग मात्र यात चुकत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी दीड वाजता जेवणाची रांग मोठ्या राइडच्या तोडीची असते, हे आधीच सांगून ठेवतो.

२. नागपुरातल्या पार्कांत याची गरज पडते का?

मला कधी पडली नाही. अमरावती रोडवर असो की सावनेरकडे, आपल्याकडची मजा मुख्यतः पाण्याची आहे आणि पाण्यात रांग कमी, गोंधळ जास्त. मे महिन्यातल्या रविवारी पारा पंचेचाळिशीला टेकला की सगळं नागपूर लाटांच्या तलावात उतरलेलं असतं. तिथे कोण कोणाच्या पुढे आहे हेच कळत नाही. रांग लागते ती भाड्याच्या कॉस्च्यूमच्या खिडकीला. घरून नायलॉनचे कपडे नेले की तीही चुकते, आणि फुकटात.

हा सगळा प्रश्न खरा उभा राहतो तो पाचशे किलोमीटर गाठून हैदराबादला किंवा रात्रभर गाडीत बसून खोपोलीला गेल्यावर.

३. साध्या तिकिटापेक्षा किती जास्त पडतं?

वंडरलाचं फास्टट्रॅक साध्या तिकिटाच्या जवळपास दुप्पट पडतं. बाकी ठिकाणी पार्क, वार आणि हंगाम पाहून फरक ठरतो. शनिवार-रविवार आणि सणासुदीला मूळ तिकीटच महाग असतं, म्हणजे वाढ दोन्हीकडून होते. दोन दर शेजारी ठेवून बघताना एक गोष्ट तपासा: दाखवलेली किंमत जीएसटी धरून आहे की सोडून. पार्कच्या प्रवेशावर आधी २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. पण चौघांच्या तिकिटांवर १८ टक्केही शेवटच्या पानावर दिसले की पोटात गोळा येतो.

४. वेळ खरंच किती वाचतो? हिशेब सांगा, जाहिरात नको.

हिशेब सोपा आहे. समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ३० फेऱ्या, म्हणजे ७२० माणसं. तुमच्या पुढे ३६० जण उभे असतील तर तुमचा नंबर अर्ध्या तासात लागतो. आता तेवढ्याच खुर्च्यांपैकी निम्म्या एक्स्प्रेसवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला तासाला ३६० खुर्च्या उरतात आणि तीच रांग एक तासाची होते. राइड एक खुर्चीनेही वाढलेली नाही. तुमचा वाचलेला अर्धा तास दुसऱ्या कोणाच्या तरी पायांतून काढलेला असतो.

त्यात फेरीचा वेळ कधी ठरल्यासारखा नसतो. कोणाच्या खिशात मोबाइल राहतो, कोणाची चप्पल निघते, कोणी पट्टा लावल्यावर ‘मला उतरायचंय’ म्हणतं. दोनाची तीन मिनिटं झाली की ७२० चे ४८० होतात. म्हणूनच रांगेची लांबी पाहून अंदाज बांधू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये किती वेळ जातो ते घड्याळात बघा, गाडीत किती जण बसले ते मोजा, आणि भागाकार करा. मी दारातच उभा राहून हे करतो तेव्हा पोरं माझ्यापासून चार पावलं लांब, ओळख नसल्यासारखी उभी राहतात.

यातून निघणारा अर्थ असा: पार्क निम्मा रिकामा असेल तर एक्स्प्रेसने काहीच वाचत नाही, कारण वाचवायला रांगच नाही. पार्क तुडुंब असेल तर प्रत्येक मोठ्या राइडमागे पाऊण-एक तास वाचू शकतो. मधल्या दिवशी पाच-सहा मोठ्या राइडवर मिळून दीड-दोन तास, एवढंच समजा. त्या दोन तासांसाठी घरटी किती द्यायचे हे मग तुमचं तुम्ही ठरवा.

५. मग कधी घ्यावं आणि कधी नको?

या प्रश्नात नागपूरकरांचा एक फायदा दडलेला आहे आणि तो फार कमी लोक वापरतात.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये उर्वरित महाराष्ट्रात १६ जूनला घंटा वाजली, आपल्याकडे २३ जूनला. तेलंगणातल्या शाळा तर १२ जूनलाच सुरू होतात. म्हणजे जूनच्या मधोमध आठवडा-दीड आठवडा असा असतो की हैदराबादची पोरं वर्गात आणि आपली मोकळी. त्यातला मंगळवार-बुधवार धरून वंडरलात जा. त्या दिवशी फास्टट्रॅक घेणं म्हणजे रिकाम्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणं. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, दोन्हीकडचं परिपत्रक बघून मगच रेल्वेचं आरक्षण करा.

दिवाळीतही तसंच. तेलंगणात मोठी सुट्टी बतुकम्मा-दसऱ्याला असते, दिवाळीला नाही. दसऱ्यात हैदराबादचं पार्क भरलेलं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात मधल्या वारांना सुटसुटीत. अर्थात नांदेड-लातूरकडचे लोकही हाच विचार करतात, तेव्हा अगदी शुकशुकाट समजू नका.

खोपोलीचं गणित वेगळं. तिथे मुंबई आणि पुणे दोन्ही शहरं दोन-अडीच तासांच्या आत, त्यामुळे कुठलाही जोडून आलेला शनिवार-रविवार, नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि मेच्या सुट्ट्या यांत गर्दी ठरलेली. तुमच्याकडे एकच दिवस आहे, तो दिवस यांपैकीच आहे, आणि पोरं मोठ्या राइडच्या वयाची आहेत, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर एक्स्प्रेस घ्या, हळहळ करू नका. तिन्हीपैकी एक जरी नसेल तरी थांबून विचार करा.

६. आधीच ऑनलाइन घ्यावं की तिथे जाऊन गर्दी बघून?

गर्दीच्या दिवशी ही तिकिटं ठरावीक संख्येनेच विकतात आणि संपतात, त्यामुळे प्रश्न ५ मधल्या तिन्ही अटी जुळत असतील तर आधीच घ्या. एरवी साधं तिकीट काढून आत जा आणि साडेअकरापर्यंत वाट बघा. बऱ्याच पार्कांत साध्याचं एक्स्प्रेस करून देतात, फरकाची रक्कम भरून. तशी सोय त्या पार्कात आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. पार्क उघडल्यापासूनचा पहिला तास सगळ्यात मोकळा असतो. त्या तासात दोन मोठ्या राइड उरकल्या तर पुढचा खर्च वाचू शकतो. नागपूरची माणसं मात्र हॉटेलात पोहे-चहा आटोपून साडेअकराला गेटवर पोचतात आणि मग मला फोन करतात.

७. आम्ही नागपूरहून त्याच दिवशी पोचणार. अर्धा दिवस मिळेल. मग तर एक्स्प्रेस घेतलंच पाहिजे ना?

अर्ध्या दिवसासाठी दुप्पट पैसे देण्याआधी गाडी बदला. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, गाडी झकास आहे, पण ती पहाटे निघून दुपारी पोचवते. तिथून पार्क शहराच्या दुसऱ्या टोकाला, रावीर्यालला, बाह्यवळण रस्त्यालगत. जाऊन, लॉकर घेऊन, कपडे बदलेपर्यंत तीन वाजतात. त्यापेक्षा पोचलेल्या दिवशी चारमिनार बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडताना उभे राहा.

खोपोलीसाठी रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरून सकाळी कल्याणला उतरून कर्जत-खोपोली लोकल पकडणारे खूप आहेत. पूर्ण दिवस मिळतो, पण झोप न झालेलं पोरगं दुपारी दोनला राइडवर बसण्याऐवजी आईच्या मांडीवर झोपतं. समृद्धी महामार्गाचे पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ पासून खुले आहेत, म्हणून ‘गाडीनेच जाऊ’ असं हल्ली सगळे म्हणतात. चालवणाऱ्याने त्याच दिवशी कोस्टरवर बसू नये, एवढंच सांगतो.

८. चौघांपैकी दोघांसाठीच घेतलं तर चालेल का? मनगटातला पट्टा अदलाबदल करता येतो का?

दोघांसाठी घेता येतं. पण ते दोघं पुढे निघून जाणार आणि उरलेले दोघं दीड तास पिशव्या राखणार, हे आधी एकमेकांशी बोलून घ्या. एका घरातलं भांडण मी स्वतः सोडवलं आहे.

अदलाबदल नाही. पट्टा काढला की तुटतो तो त्याचसाठी. काही ठिकाणी पट्ट्याऐवजी क्यूआर कोड असतो आणि प्रत्येक राइडला एकदाच चालतो. भावाने वापरला की बहिणीला नाही.

९. आजी-आजोबा आणि पाच वर्षांचा नातू सोबत आहेत. सगळ्यांचं एक्स्प्रेस काढू?

नका काढू. ज्या राइडना लांब रांग असते त्यांच्याच दाराशी उंचीची पट्टी असते. इमॅजिकाचा नायट्रो, वंडरलाचा रिकॉइल यांसारख्या राइडवर पाच वर्षांचं मूल बसूच शकत नाही, आणि रक्तदाब, पाठीचं दुखणं, हृदयविकार असलेल्यांना बाहेरच्या पाटीवरच मनाई असते. निघण्याआधी घरच्या भिंतीवर मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि पार्कच्या यादीशी ताडून बघा. बूट घालून दोन सेंटिमीटर वाढवायचा प्रयोग तिथले कर्मचारी रोज बघतात.

आई-बाबा दोघांनाही मोठी राइड करायची आहे आणि मूल लहान आहे, यावर परदेशातल्या मोठ्या पार्कांत फुकट उपाय असतो: एक जण मुलापाशी थांबतो, दुसरा रांगेतून जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. त्याला रायडर स्विच किंवा चाइल्ड स्वॅप म्हणतात. आपल्याकडे अशी पाटी क्वचितच दिसते, पण राइडवरच्या दादांना नीट विचारलं तर कधी कधी सोडतात.

१०. पावसामुळे राइड बंद पडली तर जास्तीचे पैसे परत मिळतात का?

सहसा नाही, आणि हे मी पैसे घालवून शिकलो आहे. एका पावसाळ्यात आम्ही तिघांची महागडी तिकिटं काढली. दुपारी ढग दाटले, विजा चमकायला लागल्या आणि उंचावरच्या सगळ्या राइड थांबल्या. सव्वादोन तास आम्ही पत्र्याच्या शेडखाली एक्स्प्रेसचे पट्टे मिरवत मका खाल्ला. खिडकीवर विचारलं तर तिथल्या मुलीने काही न बोलता तिकिटाच्या मागच्या बाजूची बारीक ओळ बोटाने दाखवली. चूक तिची नव्हती. विजा असताना लोखंडी मनोऱ्यावर कोणाला बसवूही नये.

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथला पाऊस नागपूरच्या पावसासारखा तासाभराने दम घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जाणार असाल तर साधं तिकीटच पुरे. पावसाने गर्दीही कमी असते आणि राइडही, दोन्ही कारणांनी एक्स्प्रेस वाया. हैदराबादला जूनमध्ये पाऊस बराच सौम्य असतो, म्हणून प्रश्न ५ मधला सल्ला तिथे लागू पडतो आणि खोपोलीला नाही.

११. पाण्याच्या भागात फास्टट्रॅक चालतं का?

लाटांचा तलाव, रेन डान्स यांना रांगच नसते. मोठ्या घसरगुंड्यांवर चालतं की नाही हे पार्कप्रमाणे बदलतं. कुठल्या राइडवर चालेल याची यादी तिकीट घेण्याआधी वाचा, आणि देखभालीसाठी त्या दिवशी काय बंद आहे तेही विचारा. यादीतल्या दोन मोठ्या राइड बंद असतील तर घेण्यात अर्थ उरत नाही.

१२. सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओज करणार आहोत. तिथलं काय?

सेंटोसा बेटावरच्या या पार्कात एक्स्प्रेस वेगळं विकत घ्यावं लागतं, प्रवेशाचं तिकीट त्यात धरलेलं नसतं. नागपूरचे निम्मे लोक इथेच फसतात: एक्स्प्रेस घेतलं म्हणजे झालं, असं समजून गेटवर पोचतात. त्यात दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक राइड एकदाच, दुसऱ्यात कितीही वेळा. पार्क लहान आहे, तेव्हा एकदाचाच पुरतो. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये सुट्टी असते, म्हणजे आपली जूनची युक्ती तिथे नेमकी उलटी पडते. टूरवाल्याने ‘इनक्लुडेड’ म्हटलं असेल तर दोन्हीपैकी कोणता, हे लेखी घ्या.

१३. मुलगा अमेरिकेत आहे, तो म्हणतो डिस्नेत पूर्वी हे फुकट होतं. खरं का?

खरं आहे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा त्याला पैसे नव्हते. यंत्रात तिकीट घालायचं, चिठ्ठी मिळायची, त्यावरच्या वेळेला यायचं. करोनात ते बंद झालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात जिनी प्लस या नावाने, माणशी दिवसाला १५ डॉलरपासून, परत आलं. जुलै २०२४ मध्ये त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. सगळ्यात मागणी असलेल्या राइडचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीमियर पासही आला, गर्दीच्या दिवशी माणशी चारशे डॉलरच्या वर जाणारा. पॅरिसच्या डिस्नेने २०२१ मध्ये आणि टोकियोच्या डिस्नेने २०२२ मध्ये पैशांची रांग सुरू केली. म्हणून दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मावशीचा सल्ला आता उपयोगाचा नाही.

फ्लोरिडात आणखी एक गुंता आहे. तिथे पास घेऊन वेळाही आधी धरायच्या असतात: डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी. मुलाला अलार्म लावून बसायला सांगा. तुम्ही सीताबर्डीतून करायला गेलात तर तिथली सकाळ ही आपली संध्याकाळ असते, हे विसरू नका.

१४. पार्कच्या हॉटेलात राहिलं की एक्स्प्रेस फुकट मिळतं असं ऐकलं.

सगळीकडे नाही. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांतल्या पाहुण्यांना दोन जुन्या पार्कांचं अमर्याद एक्स्प्रेस खोलीसोबतच मिळतं. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला ते लागू नाही. खोलीचं भाडं जबर आहे, पण चौघांचं कुटुंब असेल तर बेरीज करून बघण्यासारखी आहे. भारतात ‘हॉटेल अधिक पार्क’ अशी पॅकेज असतात, त्यातलं तिकीट बहुधा साधंच असतं. विचारून घ्या.

१५. पैसे न देता रांग लहान करायचा काही मार्ग?

सिंगल रायडर. गाडीत एखादी खुर्ची रिकामी राहते ती भरायला काही परदेशी पार्कांत एकट्या माणसांची वेगळी रांग असते. सोबत बसायचा हट्ट सोडला तर बरंच लवकर काम होतं. नवराबायकोने वेगवेगळ्या गाड्यांत बसायला हरकत नसावी, राइड दोन मिनिटांची असते. बाकी उपाय प्रश्न ५ आणि ६ मध्ये आलेच.

१६. ज्यांना रांगेत उभं राहता येत नाही, त्यांनाही पैसे भरावेच लागतात का?

अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी मोठ्या पार्कांत वेगळी, बिनपैशाची सोय असते. तिला एक्स्प्रेस समजू नका: बहुतेक ठिकाणी वाट तेवढीच बघावी लागते, फक्त रांगेबाहेर, सावलीत. डिस्नेत पूर्वी थेट सोडत असत. पण पैसेवाली कुटुंबं अपंग व्यक्तीला भाड्याने सोबत घेऊन रांगा चुकवतात असं उघड झालं आणि २०१३ मध्ये ती पद्धत बंद करून सध्याची आणली. २०२४ मध्ये अटी आणखी कडक झाल्या, आता ती सोय मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. भारतातल्या पार्कात जाताना अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड मूळ प्रत सोबत ठेवा आणि आत शिरताच माहिती कक्षात भेटा, प्रत्येक राइडवर वेगळा वाद घालू नका.

१७. भाऊ, हे बरोबर वाटतं का तुम्हाला? पोरांसमोर पैसे फेकून पुढे जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा तिकीट काढून झाल्यावर.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. तिरुपतीला तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आपण घरबसल्या काढतो, शिर्डीला सशुल्क पास घेतो, तत्काळचे जास्तीचे पैसे भरतो. त्यावेळी कोणाच्या मनाला टोचत नाही. पार्कात टोचतं, कारण तिथे दोन रांगांच्या मध्ये फक्त एक साखळी असते आणि पलीकडचं पोरगं तुमच्या पोराकडे बघत असतं. माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं, ‘बाबा, ते आपल्या आधी आले होते ना?’ मला उत्तर आलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर ही तिकिटं थोडी असावीत आणि पार्काने दारावर लिहावं की दर शंभर खुर्च्यांपैकी किती त्यांच्यासाठी राखल्या आहेत. म्हणजे साधं तिकीट घेणाऱ्याला कळेल त्याने काय विकत घेतलं. मी स्वतः दोनदा घेतलं आहे. एकदा सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेला मेहुणा होता, आणि एकदा, वर सांगितलं तसं, मका खाल्ला.

१८. एक जण अर्ध्या किमतीत एक्स्प्रेस देतो म्हणतो. स्क्रीनशॉट पाठवला आहे.

नका घेऊ. कोड एकदाच चालतो, आणि तोच स्क्रीनशॉट त्याने आणखी दहा जणांना पाठवलेला असू शकतो. गेटवर जो आधी पोचेल त्याचा.

१९. शाळेची किंवा कॉलनीची सहल असेल, चाळीस-पन्नास जण, तर?

गटाच्या सवलतीवर एक्स्प्रेस जोडून मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी पन्नास जण एकदम आले की आखूड रांगच लांब होते. चाळीस पोरं एक्स्प्रेसच्या दारात उभी राहिली तर प्रश्न ४ च्या हिशेबाने त्यांना दोन फेऱ्या तरी थांबावं लागणार, तेही सगळ्या खुर्च्या त्यांनाच दिल्या तर. गटाला मंगळवार-बुधवार आणि सकाळची पहिली वेळ द्या, दहा-दहाच्या टोळ्या करा आणि प्रत्येक टोळी वेगळ्या टोकापासून सुरू करा. डबा पार्कात नेऊ देत नाहीत, तेव्हा बसमधला चिवडा-संत्रा बर्फी बसमध्येच संपवा.